पहिला धक्का वर की खाली

२ जानेवारी, नांदेड

चार वर्षांनी वही उघडली. बायको, मंजुश्री, होती तेव्हा दिवसभरातलं तिला सांगून टाकायचो, लिहायची गरज पडत नव्हती. ती गेल्यावर सांगण्यासारखं काही घडेनासं झालं. सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालणं, पेपर, जेवण, दुपारची झोप. पेन्शनीत निघालेल्या माणसाचं आयुष्य म्हणजे रिकामी रेघ.

आज मात्र घडलं. अपूर्वा, माझी लेक, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. इस्लापूरच्या पुढे बोरधरा म्हणून गाव आहे. तिथं वर्षभरापासून जमीन हादरते, आवाज येतात. गाव म्हणतं, शेजारच्या खदानीतले सुरुंग. खदानवाले म्हणतात, भूकंपाचे धक्के. तहसील कचेरीनं कॉलेजला विचारलं, कॉलेजनं अपूर्वाच्या गळ्यात घातलं. तिच्याकडे एक जुनं भूकंपमापक यंत्र आहे, पण ते बसवणारा माणूस नाही. "बाबा, याल का?" म्हणाली. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि चहा गार व्हायच्या आत हो म्हणून टाकलं.

बत्तीस वर्षं लातूरच्या वेधशाळेत मी हेच केलं. आणि नुसते भूकंप नाही, बाँबसुद्धा. लोकांना वाटतं, अणुबाँबची चाचणी म्हणजे आभाळात छत्रीसारखा ढग. पण देश ती जमिनीत खोल पुरून घेतात, कोणाला कळू नये म्हणून. जमीन मात्र चुगली करते. कुठल्या कुठल्या देशात स्फोट झाला की लातूरला आमच्या कागदावर रेघ हलायची आणि वरून एकच प्रश्न यायचा : बाँब की भूकंप?

उत्तर पहिल्या धक्क्यात असतं. बाँब फुटला की तो चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून कुठल्याही गावच्या यंत्रावर रेघ आधी वर जाते. भूकंपात जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून सरकतात. काही दिशांना धक्का बसतो, काही दिशांना ओढ. म्हणून कुठे रेघ आधी वर, कुठे आधी खाली. आधी खाली गेली तर तो स्फोट नव्हे, विषय संपला. एवढ्या एका गोष्टीवर मी फोन उचलून वर कळवायचो. माझं वाचन कधी चुकलं नाही. पदक मिळालं नाही ते सोडा, आमच्या खात्यात पदकं दिल्लीच्या पुढं सरकत नाहीत.

११ जानेवारी, बोरधरा

यंत्र बसलं. शाळेच्या सामानाच्या खोलीत. यंत्राला खाली पक्का ओटा लागतो. तो शाळेला लागून राहणाऱ्या अण्णाराव पाटलांच्या मुलानं, दयानंदनं, करून दिला. घरची शेती आहे, पण पोरगा गवंडीकामात तरबेज. ओट्यावर बुडबुड्याची पाणसळ ठेवून पाहिली, केसभर ढळ नाही. लातूरला सरकारी कंत्राटदारानं तीनदा करून असा ओटा दिला नव्हता. मी तसं म्हणालो तर लाजला आणि थापी धुवायला निघून गेला.

त्याची बायको वर्षाराणी अंगणवाडीत मदतनीस आहे. हसरी, तोंडाळ पोर. यंत्राभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "सर, ह्याला खरंच कळतं का, बार हाय का भूकंप?"

"कळतं."

"मंग नीट बघून सांगा. दुपारी लेकरं निजवली की कोण हादरवतंय त्याचं नाव पायजे मला."

जोडणी झाल्यावर मी नेहमीचा पडताळा घेतला. आतल्या वजनाला बोटानं हलकेच खाली दाबायचं. पडद्यावरची रेघ वर गेली पाहिजे, कारण जमीन वर उचलली गेली की यंत्रात नेमकं हेच होतं. यंत्राला तारा दोनच, पण त्यांची अदलाबदल झाली की वरचं सगळं खाली दिसतं. लातूरला मी नव्या पोरांना दम द्यायचो, जोड केलास की आधी बोट लाव, मग चहा पी. रेघ वर गेली. मग चहा घेतला.

१९ जानेवारी, नांदेड

पहिली नोंद मिळाली. परवा दुपारी एक वाजून दहा मिनिटं. रेघ टोकदार, आधी वर. पुस्तकातल्या चित्रासारखा सुरुंग. खदानीच्या वहीत त्या दिवशी पन्नास किलो माल, म्हणजे स्फोटकं, उडवल्याची नोंदही आहे. म्हणजे यंत्र खरं, वही खरी आणि गावही खरं.

खदानीचे मालक वीरेश म्हणून आहेत, देगलूरकडचे. मला वाटलं होतं मिशीवाला, गॉगलवाला माणूस असेल. निघाला पस्तिशीतला, नम्र. पाया पडला. म्हणाला, "सर, पुढल्या महिन्यापासून सुरुंग बंदच करून राहिलो. दगड फोडायला ब्रेकर मशीन आणलं. तसं लिहूनही दिलंय कचेरीत." मला बरं वाटलं. अपूर्वा म्हणाली, "बघू." ती तिच्या आईसारखीच आहे, कशानं लवकर खूष होत नाही.

४ फेब्रुवारी, नांदेड

उंदरानं यंत्राची तार कुरतडली. अण्णारावांचा फोन आला आणि मी एकटाच एसटीनं गेलो. अपूर्वाच्या परीक्षा चालू आहेत आणि तार जोडायला काय पंडित लागतो? खोलीत उजेड बेताचा होता. एक हिरवी, एक निळी. सोलली, पिळली, वर चिकटपट्टी. दहा मिनिटांचं काम.

जोड संपतोय तोच बाहेर भोंगा सुरू झाला. गावकऱ्यांनी माझा सत्कार ठेवला होता. आधी कुणी बोललं नव्हतं. सरपंच दारात येऊन उभे : "चला सर, मानसं खोळंबली." पारावर शंभरेक माणसं. वर्षाराणीनं औक्षण केलं. शाल, नारळ, फेटा. सरपंचानं भाषणात सांगितलं, "हे सायब साधेसुधे न्हाईत, ह्यांनी देशादेशाचे अणुबाँब मोजलेत." टाळ्या पडल्या. मोजले नाहीत, ओळखले, असं सांगावंसं वाटलं, पण राहू दिलं. सेवानिवृत्तीच्या दिवशी ऑफिसात मला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घालवलं होतं. आज पहिल्यांदा कोणी म्हटलं की हा माणूस कामाचा होता. भाषणं लांबली, मग थेट इस्लापूरची गाडी गाठावी लागली.

घरी आलो तर अपूर्वा म्हणते, "हिरवा सदरा घालून सत्कार घेतलात?" सदरा निळा आहे. मी आणि तिनं त्यावर पाच मिनिटं घातली. ती म्हणते, डोळे तपासा. साठीनंतर लेकी आया होतात हे खरं.

१७ फेब्रुवारी

वर्षाराणी गेली.

दुपारी अण्णारावांचा फोन. त्यांना बोलता येत नव्हतं, शेजाऱ्यानं सांगितलं. सव्वा वाजता गाव जोरात हादरलं. ती गुरांना कडबा टाकायला गोठ्यात गेली होती. गोठ्याची भिंत तिच्यावर आली. दयानंदनं गेल्या वर्षी बांधलेली.

सव्वीस वर्षांची होती. तेरा दिवसांपूर्वी तिनं मला ओवाळलं.

२० फेब्रुवारी

कालच बोरधऱ्याहून नोंद आणली. सकाळपासून तेच पाहतो आहे. गाव एकमुखानं म्हणतंय, बार उडाला. वीरेश म्हणतो, सुरुंग महिनाअखेरीपासून बंद, ब्रेकर चालू, वही बघा. वहीत खरंच नोंद नाही. कचेरीनं माझं लेखी मत मागितलंय.

रेघ आधी खाली गेली आहे. स्वच्छ, कुणालाही दिसेल अशी. मी तीनदा पाहिली, भिंग लावून पाहिली. मलाही वाटत होतं की ती वर जावी. खरं सांगायचं तर मला वीरेशवर राग काढायचा होता. पण रेघ कुणाची बाजू घेत नाही.

अपूर्वाला पटलं नाही. ती म्हणाली, "बाबा, मागची लहर बघा. भूकंपात जमीन घासत सरकते, म्हणून मागून येणारी आडवी लहर मोठी असते. इथं नावालाच आहे. हल्ली अणुचाचणी ओळखायलासुद्धा पहिल्या लहरीचं दुसरीशी प्रमाण काढतात."

"आम्ही पहिल्या धक्क्यावर दिल्लीला फोन करायचो."

"तुमच्यासारखी दहा स्टेशनं फोन करायची. एका यंत्रावर निकाल नाही देत कोणी."

"वर असतं तर एकावर देता आला नसता. खाली असलं तर एक पुरतं. स्फोट कधी ओढत नाही, ढकलतो."

तर्क बिनतोड होता. जेवताना मात्र तिनं विचारलं, "तार जोडल्यावर पडताळा घेतला होतात ना?" मी म्हणालो, बत्तीस वर्षं घेत आलोय. आता बापानं लेकीला हजेरी द्यायची का?

१ मार्च, नांदेड

मत लिहून दिलं. "पहिला धक्का खालच्या दिशेचा आहे. सबब हा सुरुंगाचा स्फोट नसून नैसर्गिक भूकंप होय." सही, पूर्वीचं पद, शिक्का नाही म्हणून अंगठ्याइतक्या अक्षरांत नाव : रेणुकादास.

कचेरीतून बोरधऱ्याला गेलो. अण्णाराव ओसरीवर बसले होते. म्हणाले, "सायब, चाळीस वरसं झाली, आमाला बाराचा आवाज कळतो की. भूकंप असा फटकन येत न्हाई." मी समजावलं की कान फसतात, यंत्र फसत नाही. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, मोठ्या माणसाला उलटं बोलू नये म्हणून.

दयानंद मला शाळेमागं घेऊन गेला. "सर, किती मोठा व्हता भूकंप?"

"लहान. रिश्टरवर दोनच्या आसपास."

"एवढ्याशानं भिंत पडती का?"

मी काय सांगायला हवं होतं? खोटं बोलायची सवय नाही. म्हणालो, "चांगली भिंत पडायला नको."

त्यानं शाळेच्या भिंतीवरून तळहात फिरवला. मग म्हणाला, "हाव. तिची आईबी तेच म्हनली." वर्षाराणीची आई पार्वतम्मा, हिमायतनगरला असते. सरणापाशीच तिनं जावयाला सांगितलं होतं, माझ्या लेकीला तुझ्या भिंतीनं खाल्लं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. दयानंदला वाटत होतं सुरुंग निघावा. आता तेही गेलं. मला फार वाईट वाटलं, पण विज्ञानात वाईट वाटण्याला जागा नसते.

२२ मार्च

बोरधऱ्याच्या नोंदी भरघोस येताहेत. महिन्यात अकरा धक्के, सगळे आधी खाली. म्हणजे खाली एकच भेग जागी झाली आहे आणि एकाच दिशेला सरकते आहे. लातूरला असतो तर यावर टिपण लिहून वर पाठवलं असतं. गंमत अशी की सगळे धक्के दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान येतात आणि बाजाराच्या दिवशी एकही नाही. सूर्याच्या तापाशी संबंध असावा का? अपूर्वाला दाखवायचं होतं, पण ती हल्ली बोरधऱ्याचा विषय काढला की उठून जाते.

कचेरीनं प्रकरण नैसर्गिक आपत्ती म्हणून बंद केलं. वीरेशनं पेढे पाठवले. परत केले. कुणाच्या मरणाचे पेढे खायचे?

१४ एप्रिल

दयानंदला गावात कोणी काम देत नाही असं कळलं. त्यानं बांधलेल्या भिंतींना लोक आतून टेकू लावताहेत. तो स्वतःच घरोघर जाऊन सांगतो म्हणे, माझ्या भिंतीखाली लेकरं निजवू नका. त्यानं केलेला ओटा आठवला. इतका सरळ ओटा करणाऱ्याची भिंत कच्ची कशी? पण माणसाचा हात एखादे दिवशी चुकतो.

कॉलेजचं काम मार्चअखेर संपलं. यंत्र तिथंच ठेवलंय, अण्णाराव नोंदीची मेमरी कार्डं डब्यात जमवतात. पाहायचं राहून जातं.

२६ जून, नांदेड

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्याचं महिन्यानं. पट्टी काढली तर जग धुऊन काढल्यासारखं दिसतंय. इतके दिवस सगळ्यावर पिवळट काच होती, हे कळलंच नव्हतं. सत्काराचा तो सदरा हिरवा आहे. अपूर्वाला सांगितलं. ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळेना.

१४ सप्टेंबर

सकाळी अपूर्वा दोन कागद घेऊन माझ्या खोलीत आली. मागच्या आठवड्यात दूर समुद्रात मोठा भूकंप झाला. बोरधऱ्याच्या यंत्रानं तो टिपला होता, ती स्वतः जाऊन कार्ड घेऊन आली. दुसरा कागद तिनं लातूरहून मागवला. हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या लहरीला लातूर काय नि बोरधरा काय, शेजारीच. दोन्हीकडे रेघ सारखी हवी.

तिनं एकावर एक कागद ठेवून खिडकीशी धरले. लातूरची रेघ वर जाते तिथं बोरधऱ्याची खाली. शेवटपर्यंत. आरशात पाहिल्यासारखं.

मी म्हणालो, लातूरचं यंत्र बिघडलं असेल. मग तिनं कागद पलंगावर ठेवले आणि माझ्या पायाशी बसली. तेव्हा मला भोंगा ऐकू आला, पारावरचा. "चला सर, मानसं खोळंबली."

बोट लावलं नव्हतं मी. फेटा बांधून घ्यायला गेलो होतो.

१५ सप्टेंबर, बोरधरा

अपूर्वा सोबत होती. चिकटपट्टी काढली. हिरवी निळीला, निळी हिरवीला. चांगल्या डोळ्यांनी पाच पावलांवरून दिसतं. तरी वजनाला बोट लावलं. रेघ खाली गेली.

म्हणजे ४ फेब्रुवारीनंतरचं सगळं उलटं. १७ तारखेचा धक्का वर होता. मार्चमधले अकराही वर होते. दुपारच्या सुट्टीत उडवलेले सुरुंग, बाजाराच्या दिवशी खदान बंद म्हणून बंद. मी सूर्याचा ताप शोधत होतो. शाळेतल्या पोराला कळलं असतं.

ओट्यापाशी बसून मी रडलो. लेकीसमोर पहिल्यांदा. मंजुश्री गेली तेव्हाही तिच्यासमोर रडलो नव्हतो. ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हाच जोरात भांडायला हवं होतं. तुमचा तो फेटा खुंटीवर बघून मला भांडवेना." माझ्या चुकीतला वाटा ती स्वतःकडे घेऊ पाहते आहे. तो मी देणार नाही.

१७ सप्टेंबर

कचेरीत दुरुस्तीचं पत्र दिलं. सोबत दोन्ही कागद, तारांचे फोटो, अपूर्वाचं प्रमाणाचं गणित. साहेब वयानं लहान, सभ्य. सगळं वाचून म्हणाले, "काका, प्रकरण बंद झालंय. पत्र फाइलला लावतो, वर पाठवतो. पण उद्या त्यांचा वकील विचारेल, तेव्हा दिसत नव्हतं म्हणता, आता दिसतंय कशावरून?"

बरोबर आहे. माझ्या एका सहीनं जे बंद झालं ते माझ्या दुसऱ्या सहीनं उघडेलच असं नाही. पहिल्या वेळी माझ्या नावाचं वजन होतं. ते मीच संपवलं.

१९ सप्टेंबर, बोरधरा

दयानंदला सांगायचंच होतं. भिंत चांगली होती, एवढं तरी त्याला मिळावं. बसमध्ये वाक्य पाठ करत गेलो.

घरी साखराबाई, दयानंदची आई, एकट्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी विचारलं, दयानंद कुठं आहे?

"कामावर हाय. एप्रिलपसून."

"गवंडीकाम मिळालं?"

"कोन देतंय, सर. खदानीच्या मालकानं बोलवून घेतलं. म्हनला, भूकंपानं बायको गेली बिचाऱ्याची, आपल्याकडं लागू दे. भोकं पाडायचं मशीन चालिवतो. कचेरीचा निकाल लागल्यावर बार परत उघड चालू केले त्यानं, तर माल भरायलाबी असतो."

मी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला. त्या विचारत होत्या, सर, काय झालं? मी गाडी पकडून परत यावं असं फार वाटलं. न सांगितलेलं बरं, असं मनाशी दहा वेळा म्हटलं. सांगितलं तर भिंतीचं ओझं उतरेल आणि त्याहून मोठं बसेल. तरी मी थांबलो. पाच महिने तो माझ्यामुळं तिथं जात होता, उद्याही गेला असता.

साडेपाचला आला. भुवयांपर्यंत पांढरी धूळ. मी शाळेच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं, फेट्यापासून. काही वगळलं नाही. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर मला वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं.

तो म्हणाला, "किती माल भरला व्हता त्या दिशी? दिसतं का तुमच्या कागदावर?"

दिसतं. बाँबची ताकद आम्ही अशीच काढायचो, किती मालाचा ते माहीत असलेल्या स्फोटाशी ताडून. १७ जानेवारीचा सुरुंग पन्नास किलोचा. १७ फेब्रुवारीची रेघ त्याच्या सहापट उंच, आणि रेघ मालाच्या मानानं कमी वाढते, म्हणजे माल आठ-नऊपट. "चार-साडेचारशे किलो," मी म्हणालो.

त्यानं बोटं मोजली. "भोकाला धा किलो. म्हंजी चाळीस-पंचेचाळीस भोकं. एका दमात." मग हाताची धूळ पँटला पुसत म्हणाला, "आताबी तेवढीच पाडतो आमी. आज बेचाळीस पाडली."

सूर्य शाळेच्या पत्र्यामागं गेला. मग दयानंद म्हणाला, "म्हंजी भिंत बरी व्हती."

"चांगली होती. एवढा माल एका दमात, इतक्या जवळ उडाला की चांगली भिंतसुद्धा पडते. तुझा हात चुकला नव्हता. माझा चुकला."

"हे तिच्या आईला सांगायला पायजे. मला येऊ देनार न्हाई ती. तुमी सोबत चला."

मी म्हणालो, चल.

२१ सप्टेंबर, हिमायतनगर

पार्वतम्मांचं घर दोन खोल्यांचं. दयानंद उंबऱ्याबाहेर थांबला. मी आत जाऊन सांगितलं. त्यांना तारा, रेघा काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून एवढंच म्हणालो : बाई, भूकंप नव्हता, खदानीचा बार होता. मी चुकीचं वाचलं. भिंत चांगली होती, जावयाचा दोष नाही.

त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "आत ये." सात महिन्यांनी.

त्याला पाटावर बसवलं. भाकरी, वरण, मिरचीचं लोणचं. ताट पुढं सरकवत त्यांनी विचारलं, "आता काम काय करतुस? भिंती बांधतुस का?"

मला वाटलं, हा खोटं बोलेल. बोलावं. मी मनातल्या मनात विनवलं त्याला.

"न्हाई, अम्मा. खदानीवर हाय. भोकं पाडतो, माल भरतो."

"कोनती खदान?"

"तीच."

पार्वतम्मांच्या हातात वरणाची पळी होती, ती तशीच राहिली. दयानंदनं ताटाजवळचा हात मागं घेतला. "मला ठावं नव्हतं, अम्मा," तो म्हणाला. "कालपसून गेलो न्हाई. कचेरीत जाऊन सांगनार हाय, कधी किती भोकं पाडली ते. तारखा ध्यानात हायेत समद्या."

त्या माझ्याकडे वळल्या. "तितं कुनी धाडलं ह्याला?"

दयानंद काही बोलायला गेला. मी त्याच्याआधी म्हणालो, "मी." सगळं समजावून सांगायची गरज नव्हती. एवढंच खरं होतं.

त्या खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेपुढं मला माझं वय, नोकरी, बत्तीस वर्षं, काही उभं करता आलं नाही. मग त्यांनी पळीतलं वरण त्याच्या भाकरीवर घातलं आणि म्हणाल्या, "जेव."

त्यानं पहिला घास तोंडात घातला आणि त्याला रडू फुटलं. बायकोच्या सरणापाशीही हा रडला नव्हता, असं अण्णाराव सांगत होते. घास तोंडात, खांदे हलताहेत, आणि पार्वतम्मा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पांढरी धूळ झाडल्यासारखा. "जेव रे, जेव," एवढंच म्हणत होत्या.

मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मला आत कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मला जाता आलं नसतं.